गाढवाचं लग्न : माळवदावरून ऐकलेलं, पडद्यावर पाहिलेलं

शुक्रवार पेठेतून आम्ही बोलतोय. बचत, कर्ज, हप्ता, वही यांवर आपण नेहमीच बोलतो, आज त्यातलं काही नाही. आज एका गाढवाची गोष्ट आहे. हसू नका. खरं म्हणजे हसाच, कारण ही गोष्ट हसण्यासाठीच केलेली आहे आणि महाराष्ट्र तिला कितीतरी वर्षं हसतोय.

झालं असं. पेठेतल्या आमच्या खोलीत मागे महिन्याची बैठक होती. हजेरी झाली, पैसे मोजून झाले, वहीवर सह्या झाल्या. बाहेर पाऊस लागलेला, घरी जाता येईना. कुणीतरी म्हणालं, मोबाईलवर एखादा पिक्चर लावा. एका ताईने 'गाढवाचं लग्न' लावला. मकरंद अनासपुरे यांचा, २००७ सालचा. एवढ्याशा मोबाईलभोवती चौदा बायका दाटीवाटीने बसलो. सावळ्या कुंभार आणि त्याची बायको गंगी यांचं भांडण सुरू झालं, आणि आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आज्जी एकदम म्हणाल्या, "हे मला पाठ हाय की."

आम्ही विचारलं, आज्जी, पिक्चर आधी बघितलाय का? तर म्हणाल्या, "बघितला न्हाई. ऐकलाय. माळवदावरून."

त्यांच्या माहेरच्या गावी जत्रेला तमाशाचा फड यायचा. बाप्ये आणि पोरं पुढे जाऊन बसायची. बायकांनी जायचं नाही. मग या पोरी घरच्या माळवदावर गोधडी अंगावर घेऊन बसायच्या. तिथून दिसायचं काहीच नाही, गॅसबत्तीचा उजेड तेवढा. पण आवाज यायचा. ढोलकी, हलगी, मग झीलकऱ्यांचा सूर, मग बोलणं. रात्री वाऱ्याची दिशा बरोबर असली की शब्दन् शब्द यायचा, वारा फिरला की नुसतं हसणं ऐकू यायचं. आज्जी म्हणाल्या, "गावातले सगळे बाप्ये कशाला हसत्यात ते आमाला कळायचं न्हाई. सकाळी इच्यारलं तर गप बस म्हनायचे."

म्हणजे आज्जींनी गंगी पहिल्यांदा पाहिली ती शुक्रवार पेठेत, पाच इंचाच्या पडद्यावर. मधे जवळजवळ साठ वर्षं गेली. त्या दिवसापासून आम्हाला या वगाचा नाद लागला. हा वग कुठून आला, कुणी लिहिला, पडद्यावर कसा गेला, हे आम्ही जमेल तसं वाचलं, विचारलं. तेच आज सांगतो.

आधी वग म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणींना तमाशा म्हणजे फक्त लावणी वाटते. तमाशाची रात्र ठरलेल्या क्रमाने चालते. आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गौळण. त्यात मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांना अडवणारा कृष्ण, आणि मावशी. ही मावशी बाई नसते, लुगडं नेसलेला पुरुष असतो. मग बतावणी, म्हणजे दोघा-तिघांची विनोदी बोलाचाली. मग लावण्या. आणि शेवटी वग. वग म्हणजे तमाशातलं नाटक. राजा, प्रधान, राणी, शिपाई आणि सोंगाड्या. सोंगाड्याशिवाय वग नाही. राजा चुकला तर राजाला, देव चुकला तर देवाला, आणि समोर बसलेला पाटील चुकला तर त्यालाही टोमणा मारायचा, ते काम सोंगाड्याचं. सांगली जिल्ह्यातल्या सावळजच्या उमा-बाबू यांनी १८६५ च्या सुमाराला केलेला 'मोहना-बटाव' हा पहिला वग मानतात. त्याच्या आधी तमाशात नाटकासारखी सलग गोष्ट नव्हती.

तमाशाचं सोलापूरशी नातं त्याहून जुनं. पेशवाईतले नामांकित शाहीर राम जोशी सोलापूरचे. घराणं शास्त्री-पुराणिकांचं आणि हे रमले लावणीत. त्यांच्यावर १९४७ साली 'लोकशाहीर राम जोशी' हा चित्रपट निघाला आणि तो खूप चालला. विठाबाई नारायणगावकर यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातला, पंढरपूरचा, १९३५ सालचा. दिवस भरलेले असताना बोर्डावर उभी राहिलेली, मधेच कनातीमागे जाऊन बाळंत झालेली आणि नाळ दगडाने तोडून पुन्हा नाचायला आलेली बाई, ती हीच. आज तिच्या नावाने राज्य सरकार तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. तिच्या हयातीत तिला किती मिळालं हा वेगळा विषय आहे, त्यावर एक दिवस स्वतंत्र बोलू.

आता आपलं गाढव. 'गाढवाचं लग्न' हा वग हरिभाऊ वडगावकर यांनी लिहिला. गाजवला दादू इंदुरीकर यांनी. दादूंचं खरं नाव गजानन सरोदे, गाव पुणे जिल्ह्यातलं तळेगावजवळचं इंदोरी. जन्म १९२८ चा, १९८० मध्ये ते गेले. सावळ्या कुंभार म्हटला की दादूच, असं जुनी माणसं अजून सांगतात. त्यांना १९७३ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. तमाशातल्या सोंगाड्याला दिल्लीचा असा मान मिळणं त्या काळात साधी गोष्ट नव्हती. त्यांच्यासमोर गंगी करायच्या प्रभा शिवणेकर. पुस्तकांत दादूंवर पानंच्या पानं आहेत आणि गंगीवर एखादी ओळ, हे आम्हाला वाचताना खटकलं. सावळ्याचा प्रत्येक विनोद गंगीच्या बोलण्यावर उभा आहे. तिने चेंडू टाकला तरच तो टोलवणार ना!

गोष्ट अशी. इंद्राच्या दरबारात एक गंधर्व नशेत अप्सरेशी वाईट वागतो. इंद्र शाप देतो, जा, पृथ्वीवर गाढव होशील. मग तो गयावया करतो, म्हणून उःशाप मिळतो की राजाच्या मुलीशी लग्न लागलं की सुटका. हे गाढव येतं सावळ्या कुंभाराच्या हाती. सावळ्याला काय, ओझं वाहायला एक जनावर फुकट मिळालं. पण गाढव बोलायला लागतं आणि बोलतं काय, तर माझं लग्न राजकन्येशी लावून दे. बिचारा सावळ्या गाढवाचा सोयरा होऊन राजाच्या दरबारात मागणी घालायला जातो. पुढे राजा एक अशक्य अट घालतो, गाढव आपल्या जादूने ती पुरी करतं, लग्न लागतं आणि गाढवाचा पुन्हा गंधर्व होतो.

एवढीशी गोष्ट, पण तिच्यावर अख्खी रात्र काढायचे. कारण खरी गंमत कथेत नव्हतीच. सावळ्या घरी बायकोशी कसा भांडतो, दरबारात शिपायाला काय उलट बोलतो, राजासमोर कसा वाकतो आणि वाकता वाकता कसा चिमटा काढतो, यात गंमत होती. फडावर पडदा नाही, राजवाडा नाही. एक फेरी मारायची आणि म्हणायचं, आला राजवाडा. लोक मानायचे. आज या गावात, उद्या त्या गावात. ज्या गावी असेल तिथला सरपंच, तिथली विहीर, तिथलं भांडण वगात यायचं. दादू हजरजबाबी होते. म्हणून कालचा वग आणि आजचा वग एकसारखा कधीच नसायचा. आमच्या आज्जींना जो पाठ आहे तो त्यांच्या माहेरच्या जत्रेतला आहे. पिक्चर चालू असताना त्या मधे मधे म्हणत होत्या, "असं न्हवतं, आमच्याकडं येगळं म्हनले हुते." बरोबरच आहे.

ही गाढवाची गोष्ट मुळात वडगावकरांच्याही आधीची, फार फार जुनी आहे. उज्जैनच्या विक्रमादित्य राजाच्या बापाची, गंधर्वसेनाची, दंतकथा अशीच आहे. तोही शापाने गाढव झालेला, तोही राजाची मुलगी मागतो, राजा त्याला एका रात्रीत नगराभोवती तांब्याचा कोट बांधायला सांगतो आणि सकाळी कोट उभा असतो. पुढे त्याची गाढवाची कातडी जाळून टाकतात आणि शाप सुटतो.

आता गंमत ऐका. हीच गोष्ट जर्मनीत आहे. आपल्याकडे शेतात काम करता करता बाया ओव्या म्हणतात, गोष्टी सांगतात, तशा तिथल्या घराघरांतल्या गोष्टी ग्रिम नावाच्या दोघा भावांनी दोनशे वर्षांपूर्वी गोळा केल्या. सिंड्रेला, लाल टोपीवाली पोर, या आपल्या मुलांच्या पुस्तकातल्या गोष्टी त्यांच्या संग्रहात आहेत. त्यांतच एक गाढवाची आहे. एका राणीच्या पोटी गाढवाचं पिल्लू येतं. ते वीणेसारखं एक वाद्य शिकतं, दुसऱ्या राजाच्या दरबारात जातं, राजकन्येशी त्याचं लग्न होतं. रात्री ते कातडी काढून ठेवतं तर आत देखणा राजपुत्र! सासरा ती कातडी जाळून टाकतो. ग्रिम भावांनी ही गोष्ट घेतली ती साधारण १२०० सालच्या एका लॅटिन काव्यातून. आमच्या गटातल्या एका ताईने विचारलं, मग त्यांनी आपली चोरली की आपण त्यांची? जाणकार यावर वाद घालत आलेत. आम्हाला एवढंच वाटलं की गाढवं जशी ओझी घेऊन गावोगाव फिरतात तशा गोष्टीही व्यापाऱ्यांच्या पाठीवरून फिरल्या असणार.

जर्मनीत आपल्या बतावणीसारखी नाटकंही होती. होळीच्या सुमाराला, उपासाचे दिवस सुरू व्हायच्या आधी, गावात थट्टेची छोटी नाटकं करायचे. न्यूरेंबर्ग शहरात हान्स साक्स नावाचा माणूस होता, १४९४ ते १५७६. धंदा चपला-जोडे शिवण्याचा आणि नाटकं लिहिली पुष्कळ. त्याचं १५५० सालचं एक नाटक आम्हाला फार आवडलं. एक शेतकरीण आहे. पहिला नवरा वारलेला, दुसरा कंजूष. एक भटक्या विद्यार्थी येतो, म्हणतो मी पॅरिसहून आलो. हिला ऐकू येतं पॅराडाइस, म्हणजे स्वर्ग. ती विचारते, तिथे माझा पहिला मालक दिसला का हो? हा बिलंदर म्हणतो, दिसला की, अंगावर धड कपडा नाही त्याच्या. झालं! ती कपडे देते, पैसे देते, पोचवा म्हणते. दुसरा नवरा घरी येतो, बायकोला मूर्ख म्हणतो आणि घोड्यावर बसून विद्यार्थ्याच्या मागे लागतो. तर तो विद्यार्थी त्यालाही फसवतो आणि घोडा घेऊन पसार होतो. नवरा चालत घरी येतो. आता बायकोला काय सांगणार? म्हणतो, स्वर्गात लवकर पोचावा म्हणून मीच त्याला घोडा दिला. वर म्हणतो, हे कुणाला सांगू नकोस. ती म्हणते, मी तर गावभर सांगून आले!

आमच्या बैठकीत ही गोष्ट सांगितली तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली. "माजा मालक अस्साच हाय," असं किमान चौघी म्हणाल्या. पावणेपाचशे वर्षांपूर्वीचा तो जोडे शिवणारा माणूस आणि आपला सावळ्याचा वग, दोन्हीकडे नवरा-बायको एकमेकांना मूर्ख ठरवायला बसलेत आणि दोघंही सारखेच निघतात. पुढे अशा जुन्या थट्टानाटकांवर तिकडे चित्रपटही झाले. आणि तिकडून आपल्याकडे आलेलं उदाहरण तर आपण सगळ्यांनी पाहिलंय. व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा', १९७२ चा. आदर्श गुरुजी गावातून तमाशा हाकलायला निघतात आणि त्याच फडात अडकतात. ही कल्पना १९३० च्या एका जर्मन चित्रपटावरून घेतलेली आहे. त्यात मास्तर नाचगाण्याच्या एका क्लबातल्या बाईच्या नादी लागतो आणि शेवटी विदूषक होतो. शांताराम बापूंनी त्या क्लबाच्या जागी आपला फड आणला आणि गोष्ट इतकी इथली झाली की ती परदेशची असेल असं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

पण आपण 'गाढवाचं लग्न' कडे येऊ. दादूंच्या नंतर हा वग थांबला नाही. प्रकाश इनामदार यांनी सावळ्या केला आणि त्यांच्या पत्नी जयमाला इनामदार यांनी गंगी. खरे नवरा-बायको रंगमंचावर नवरा-बायको म्हणून भांडायचे. हे प्रयोग नाट्यगृहात व्हायचे, तिकीट काढून, खुर्चीत बसून, घरच्या बायकांसह. हा बदल आम्हाला फार मोठा वाटतो. जत्रेतल्या फडाला जी सून जाऊ शकत नव्हती ती शहरातल्या नाट्यगृहात नवऱ्याशेजारी बसून तोच वग पाहू लागली. विनोद थोडे धुऊन पुसून घेतले असतील, पण सावळ्या तोच होता. मग २००७ मध्ये राजू फुलकर यांच्या दिग्दर्शनाखाली चित्रपट आला. सावळ्या मकरंद अनासपुरे, गंगी राजश्री लांडगे. आणि चित्रपट टीव्हीवर आल्यावर तर वाड्या-वस्त्यांवरच्या बायका भाकरी थापता थापता तो बघू लागल्या.

म्हणजे बघा, फडावरून नाट्यगृहात, तिथून पडद्यावर, तिथून घरातल्या टीव्हीवर आणि आता हातातल्या मोबाईलवर. प्रत्येक टप्प्याला बायकांना थोडी थोडी जागा मिळत गेली. आणि त्याच प्रत्येक टप्प्याला वगातलं काहीतरी गळत गेलं. पडद्यावरचा सावळ्या आपल्या गावाच्या सरपंचाला टोमणा मारू शकत नाही. त्याला आपण दिसतच नाही. फडावर एक फेरी मारून राजवाडा यायचा, पिक्चरमध्ये राजवाडा दाखवावाच लागतो. मग तो कसा आहे, खरा वाटतो का, याकडे लक्ष जातं आणि बोलण्याकडचं कमी होतं. आम्हाला अनासपुरे आवडतात, त्यांची मराठवाडी बोली आपल्या कानाला घरची वाटते. तरी आमच्या आज्जींचं मत वेगळं. त्यांना न पाहिलेला सावळ्याच जास्त चांगला वाटतो. अंधारात ऐकलेला. आम्ही त्यावर वाद घातला नाही.

आता ज्यामुळे हे सगळं आज बोलावंसं वाटलं त्याकडे येतो. पिक्चर संपत आला, लग्न लागलं, गाढवाचा गंधर्व झाला, सगळे हसले. आज्जी म्हणाल्या, "समदं झालं. पर त्या राजाच्या पोरीला कुनी इच्यारलं का?"

एकदम सगळ्या गप्प झाल्या. कारण खरंच कुणी विचारलेलं नाही. गाढव मागणी घालतं, सावळ्या ती पोचवतो, राजा अट घालतो, अट पुरी होते, लग्न लागतं. इंद्रानेही उःशाप देताना विचारलं नाही की बाबा, हा वाईट वागला एका बाईशी, आणि त्याची सुटका म्हणून दुसरी बाई का द्यायची? जर्मन गोष्टीतही तेच, गंधर्वसेनाच्या गोष्टीतही तेच. आज्जींचं स्वतःचं लग्न तेराव्या वर्षी झालं. त्यांना अंतरपाट दूर झाल्यावर नवरा दिसला. "मला बी वाटलं हुतं, गाढव असंल तर?" असं म्हणून त्या हसल्या, पण आधीसारखं नाही. दादूंचा वग जोरात चालत होता त्या काळात कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय १५ होतं. १९२९ च्या शारदा कायद्यात १४, १९४९ मध्ये १५ आणि १९७८ मध्ये १८. म्हणजे माळवदावर बसून तो वग ऐकणाऱ्या कितीतरी पोरी स्वतःच तशाच राजकन्या होत्या. फक्त त्यांच्या घरी राजवाडा नव्हता.

गाढव आणि बाई यांची जोडी आपल्याकडे आणखी एका ठिकाणी आहे. कोकणात आणि इतरही भागांत हजार-आठशे वर्षांपूर्वीचे दगड सापडतात, त्यांना गधेगाळ म्हणतात. शिलाहार राजांच्या काळातले पुष्कळ आहेत. वर चंद्र-सूर्य, मधे लेख, खाली कोरलेलं गाढव आणि बाई. राजाने जमीन दान दिली, ते दान जो मोडेल त्याला ही शिवी. दान मोडणार पुरुष, आणि विटंबना कुणाची, तर त्याच्या आईची. दगडात कोरून ठेवलेली, चंद्र-सूर्य असेपर्यंत. हे वाचल्यावर आमच्यातली एक म्हणाली, म्हणजे गाढवाच्या गोष्टीत बाईचं नाव आलं की आपलं काही खरं नाही.

पण तेवढ्यात दुसरीने एक आठवण करून दिली, आणि ती आपल्या सोलापूरचीच आहे. गड्ड्याची यात्रा. दरवर्षी संक्रांतीच्या वेळी सिद्धेश्वर महाराजांचे सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी ते पेलतात, संमती कट्ट्यापाशी अक्षता पडतात. लग्न कुणाचं? कुंभाराच्या मुलीचं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वर इथे होते, तेव्हा एक कुंभारकन्या रोज त्यांच्यापुढे सडा-रांगोळी घालायची. तिने स्वतः येऊन म्हटलं, मला तुमच्याशी लग्न करायचंय. त्यांनी सांगितलं, मी तर योगी, पण माझ्या योगदंडाशी तू लग्न कर. त्याच लग्नाचा सोहळा लाखभर लोक अजून करतात. लिंगायत, मराठा, पद्मशाली, सगळे अक्षता टाकतात. आम्ही दरवर्षी जातो, हातात अक्षता घेऊन उभ्या राहतो, पण त्या गोष्टीतली एक साधी बाब कधी डोक्यात आली नव्हती. मागणी तिने घातली. वगात कुंभार गाढवासाठी राजाची मुलगी मागतो. आपल्या सोलापुरात कुंभाराची मुलगी स्वतःसाठी मागते.

यावर आमच्या बैठकीत जे बोलणं झालं ते सगळं इथे सांगता येणार नाही. दोघींच्या मुलींची स्थळं बघणं चालू आहे. एवढं सांगतो की एकीने घरी जाऊन मुलीला विचारलं. काय विचारलं आणि ती काय म्हणाली, ते तिच्या घरातलं आहे.

आणखी एक. हा विषय निघाल्यावर आमच्या गटातली एक जण, जी कायम सगळ्यात कमी बोलते, ती महिन्याभराने आम्हाला बाजूला घेऊन म्हणाली की तिच्या आईची आई फडात होती. सासरी कुणाला माहीत नाही. लग्नाच्या वेळी "आज्जी शेतमजूर होती" असं सांगितलं होतं. तिची परवानगी घेऊन, नाव-गाव न सांगता, हे सांगतोय. तिला अजून काही गौळणी येतात. आज्जीने चुलीपुढे शिकवलेल्या, आवाज न करता, ओठ हलवून. ती म्हणाली, मावशीचं सोंग करणाऱ्या माणसाचं घरात नाव निघालं तर हसतात, मान देतात. नाचणाऱ्या बाईचं नाव निघालं की दार लावून घेतात. एकाच फडातले, एकाच बोर्डावरचे दोघं. आम्ही माळवदावरच्या बायकांचं दुःख बोलत होतो. फडावर उभ्या असलेल्या बाईचं आमच्या मनात आलंच नव्हतं. तिला तर गाव दिसत होतं, सगळं गाव, आणि त्या गावात एकही बाई दिसत नव्हती.

तर आता काय ठरलंय ते सांगतो. पुढच्या महिला दिनाला आमचे सहा गट एकत्र येणार आहेत. दरवर्षी संगीत खुर्ची आणि उखाणे होतात, यंदा बतावणी करायची. वग पूर्ण नाही, तेवढी ताकद नाही. फक्त एक प्रसंग. सावळ्या मागणी घालायला दरबारात येतो तो. तमाशात पुरुष लुगडं नेसून मावशी होतो, तर आमच्यात बाया धोतर नेसून राजा आणि प्रधान होणार. गौळण त्या ताई शिकवणार आहेत. सासरच्यांना कुठून शिकलीस म्हणून विचारलं तर काय सांगायचं, ते अजून ठरत नाहीये. एकीने सुचवलं, मोबाईलवरून म्हणावं. ती म्हणाली, बघू.

राजकन्येला दरबारात बोलावून विचारायचं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. ती काय उत्तर देणार यावर मात्र तीन बैठका गेल्या. तरण्या पोरी म्हणतात, नको म्हणू दे. मधल्या वयाच्या म्हणतात, आधी गाढवाला विचारू दे, कमावतोस काय, दारू पितोस का. त्याला शाप कशामुळे मिळाला तेही त्याच्या तोंडून वदवून घ्या म्हणतात. आणि आज्जींचं म्हणणं, तिने गंगीला विचारावं. संसार करून बसलेली तीच एक बाई आहे त्या गोष्टीत, तिला माहीत असणार. म्हणून आता राजकन्या आणि गंगी यांची बोलाचाली आम्ही नव्याने रचतोय. जुन्या वगात या दोघी एकमेकींशी किती बोलायच्या, हे आज्जींनाही आठवत नाही. वारा फिरला असेल.

सावळ्या मिळाला, गंगीसाठी तिघी भांडतायत, राजाची मिशी आणली. फक्त गाढव व्हायला अजून कुणी तयार नाही. तुमच्या गटात कुणी असेल तर शुक्रवार पेठेत निरोप धाडा. चहा आणि कडक भाकरी-शेंगाचटणी आमच्याकडून.